दत्तूच्या कानात सांगितलेला पिक्चर

माझं नाव मल्लिनाथ, पण या नावानं मला बँकेत आन् दवाखान्यातच हाक मारत्यात, बाकी समदी मल्लप्पा म्हणत्यात, आन् एकच माणूस हुता तो मल्लू म्हणायचा. आमचं गाव उमरग्याच्या खालच्या अंगाला, अगदी शिवेवर, म्हंजे शेताचा बांध वलांडला की कर्नाटक, तिकडं पाट्या कानडी, इकडं मराठी, आन् बैल बिचारे दोन्हीकडं चरायचे, त्यांना काय मालूम. घरात कानडी, शाळंत मराठी, बाजारात जो भेटंल त्याची बोली. आईला आमी अव्वा म्हणायचो. अव्वाला मरस्तवर मराठी आली न्हाय, मास्तर घरी आले की म्या मधी हुभा राहून इकडचं तिकडं सांगायचो. मास्तर म्हणायचे हा लई खोड्या करतो, म्या अव्वाला कानडीत सांगायचो मास्तर म्हणत्यात पोरगा हुशार हाय. अव्वा खूश, मास्तरला गूळ-शेंगा द्यायची, मास्तर बी खूश. तवापासून मला ही सवय, की दोन माणसांच्या मधी हुभा राहिलो की कडू शब्द तोंडातून निघतच न्हाय.

शेत थोडं, भाऊ तीन, म्या ट्रकच्या धंद्यात पडलो. हायवे दारातनं जातो म्हटल्यावर उमरग्याची निम्मी माणसं गाडीवरच. लायसन काढलं, उमरग्यात बिऱ्हाड केलं, गंगाशी लगीन झालं, ती बी कानडीच, आळंदकडची. कमी बोलायची. सोमनाथ झाला. आन् त्याच साली मालकानं माझ्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर दिला, तो दत्तू.

दत्तू तामलवाडीचा, तुळजापूर तालुक्यातला, मराठा. उंचापुरा, आवाज मोठा, हसला की केबिन हालायची. आईबापाला एकटाच, सख्खा भाऊ न्हाय, बहीण न्हाय. चुलतभाऊ हुता पण बांधावरनं त्यांचं वाकडं. पहिल्याच खेपंला मला म्हणाला, मल्लू, मला भाऊ न्हाय, आता तू गावलास, आता सुटका न्हाय तुझी. लांबचा रस्ता, हैदराबाद, बंगळूर, विजयवाडा, एकानं चालवायचं, एकानं झोपायचं. दोन माणसं एका केबिनीत राहिली की काय लपत न्हाय, कोण कसा घोरतो, कोण कशाला भितो, समदं कळतं. दत्तूला कानडी एक शब्द यायचा न्हाय. ऊट म्हंजे जेवण, एवढंच यायचं, तेवढ्यावर तो कर्नाटक पालथा घालायचा.

तर पिक्चरचं सांगतो, तुमी त्याच्यासाठीच आलाव. एकदा आमची गाडी तिकडं कर्नाटकात एका गावात बसली, गिअरबॉक्स गेला. मिस्त्री म्हणाला उद्यापतुर काय हुत न्हाय. दुपारची येळ, ऊन असं की डांबर चपलंला चिकटायलं. समोर थेटर हुतं, जुना पिक्चर परत लावला हुता, काळा-पांढरा. दत्तू म्हणाला चल, पंखा तरी असंल. म्या म्हटलं कानडी हाय, तुला काय कळंल? तो म्हणाला तू कशाला हायस मंग?

काय सांगू तुम्हाला, म्या आयुष्यात लई पिक्चर बघितले, हाणामारीचे, देवाचे, नाचगाण्याचे, पण तसा दुसरा बघितला न्हाय. त्यात काय हुतं म्हणाल तर काय बी न्हवतं. नदीकाठचं गाव, दोन दोस्त, दोघं कौलं करणारे. एक उंच, एक बुटका. चिखल तुडवायचा, कौल थापायचं, भट्टी लावायची. समद्या गावाची छपरं त्या दोघांच्या हातची. दोघं बोलत बी न्हाईत जास्त, एकानं हात पुढं केला की दुसरा बरोबर पाण्याचा तांब्या देतो, बघितल्या बगार. तिथंच दत्तूनं मला कोपर मारलं, म्हणाला आपल्यासारखंच की रं.

मंग भट्टी ढासळून बुटका मरतो. मागं त्याची बायको, एक पोरगा, एक पोरगी मांडीवर. आन् तो उंच, तो काय सुदिक बोलत न्हाय, रडत न्हाय, दुसऱ्या दिशी सकाळी जाऊन दोस्ताच्या घरावर कौलं चढवायला लागतो. नुसती त्याची पाठ दाखवली हाय, तोंड न्हाय. पण ती पाठ बघून थेटरातली माणसं हुंदके द्यायली. आताचे हिरो तोंड वाकडंतिकडं करत्यात तरी पाणी येत न्हाय डोळ्याला, तो माणूस नुसत्या पाठीनं रडला. गाणं न्हाय, वाजंत्री न्हाय, नुसता कौलावर कौल ठिवल्याचा आवाज.

म्या दत्तूच्या कानात समदं सांगत हुतो, एक-एक शब्द. तो दोस्ताचं घर वर काढतो, पोराला शिकवतो, पोरीला वाढवतो. त्याचं सोताचं घर गळत असतं, त्याची बायको पावसात भांडी इकडून तिकडं सरकवती, त्ये येक-दोन येळा दाखवलंय. सरतेशेवटी दोस्ताच्या लेकीचं लगीन. हा डोईवर नवीन पटका बांधून जातो. मांडवाच्या दारात दोस्ताचा लेक उभा, शिकलेला, सदरा इस्त्रीचा. आन् तो पोरगा त्याला म्हणतो, काका, पाहुणे बघायलेत, तुमी मागं गाडीवाल्यांच्या पंगतीला बसा.

तसं म्हणाला तो. आन् म्या बघितलं तर दत्तूनं माझं मनगट धरलं हुतं, गच्च, डोळ्यात पाणी, तोंड उघडं, पडद्याकडं बघायलाय लहान लेकरागत, की आता काय म्हणतोय, मल्लू, सांग, काय म्हणाला? मला खरं सांगवलं न्हाय. म्या म्हटलं, तो म्हणतोय, काका, तुमी आलाव, आता अक्षता पडतील, समदी तुमचीच वाट बघायलीत.

दत्तू म्हणाला, मंग हा मागं का फिरला?

कारण पिक्चरमधी तो माणूस मांडवात बसलेल्या दोस्ताच्या बायकोकडं बघतो, तिला समदं ऐकू गेलेलं असतं, आन् ती मान खाली घालती. बस.  आन् हा मागं वळतो, चालत घरी जातो, त्याची बायको पाय धुवायला पाणी देती, ताट वाढती, पिक्चर संपला. म्या दत्तूला सांगितलं, तो बायकोला आणायला चाललाय घरी, माझ्या बायकोबगार अक्षता टाकणार न्हाय म्हणतो. दत्तू लेकरागत रडला. खुशीनं रडला. भायेर आल्यावर उन्हात उभा राहून म्हणाला, मल्लू, काय माणसं असत्यात रं जगात.

मंग काय, तो पिक्चर त्यानं तामलवाडीत घरोघर सांगितला. बायकोला, कमलवहिनीला, सांगितला, वंदनाला, म्हंजे त्याच्या लेकीला, मांडीवर घेऊन सांगितला, धाब्यावर अनोळखी ड्रायव्हरला सांगितला. म्या केलेला शेवट सांगायचा, अक्षतांचा. म्या बाजूला बसून चहा प्यायचो आन् खाली बघायचो. खरं सांगावं असं लई येळा वाटलं. पण तो सांगताना असा खुलायचा की मला वाटायचं, ज्यानं पिक्चर काढला त्याचं बी चुकलं असंल, दत्तूचंच बरोबर असंल. आन् सांगून झालं की माझ्या पाठीवर थाप मारायचा, म्हणायचा, मला काय झालं तर माझा बी कौलवाला हाय.

सहा वर्षं गेली असतील. नळदुर्गच्या अलीकडं, सकाळचे नऊ वाजलेले, चांगलं उजेडाचं. गाडीत कांदा. मागची दोरी ढिली पडली, ताडपत्री फडफडायली. पाळी माझी हुती. गाडी त्यानं चालवलेली, उतरून बघायचं काम बसणाऱ्याचं, तो आमचा नेमच. म्या दार उघडलं, तर तो म्हणाला, ऱ्हाऊ दे, तुझा गुडघा दुखतोय, म्या बघतो. उतरला. मागनं जीप आली. म्या आरशात बघत हुतो. जास्त सांगत न्हाय. दवाखान्यात न्यायची गरजच पडली न्हाय.

वंदना तवा आठ वर्षांची. कमलवहिनी तिशीत बी न्हवती. चुलतदीर तेराव्याला आला, बांध कुठवर येतो ते पावलानं मोजून गेला. म्या ठरवलं बिरवलं काय न्हाय, नुसतं जायला लागलो. सोलापूरला माल उतरला की तामलवाडी. पेरणीला माणसं बघायची, पत्रे उडाले की बसवायचे, वंदनाच्या शाळंत जायचं. पालक कोण इचारलं की म्या सही करायचो, काका म्हणून. वहिनी मला भावजी म्हणायची, दारात खाट टाकायची, चहा द्यायची, आन् आत जायची. पंधरा वर्षं म्या त्या उंबऱ्याच्या आत पाय ठिवला न्हाय. माणसं बोलायची ती बोलायचीच. हॉटेलात म्या गेलो की गप व्हायची.

आन् माझ्या घरी? गंगा काय बी बोलली न्हाय. सोमनाथच्या शाळंत म्या किती येळा गेलो, मला आठवत न्हाय, म्हंजे गेलोच नसंन. एकदा तो शर्यतीत पहिला आला, पेला घेऊन दारात बसला हुता संध्याकाळपतुर, म्या तामलवाडीला वंदनाला ताप म्हणून थांबलेलो. घरी आलो तर पेला कोनाड्यात, पोरगं पाठमोरं झोपलेलं. गंगा म्हणाली जेवून घ्या.

वंदना नर्सिंग शिकली. लगीन ठरलं. म्या सोलापुरातनं तिच्यासाठी पैठणी आणली, गंगाला दाखवली, ती म्हणाली रंग चांगला हाय. आन् लग्नाच्या चार दिस आधी कमलवहिनी उमरग्याला आली, एकटी, यष्टीनं. तोवर ती कधीच आमच्या घरी आली न्हवती. गंगानं पाणी दिलं, ते तिनं हातात धरून ठिवलं, पिलं न्हाय. म्हणाली, भावजी, तुमी लग्नाला येऊ नका.

म्या म्हटलं, व्हय.

ती म्हणाली, नवऱ्याकडची माणसं इचारायलीत, हा माणूस तुमचा कोण? ना जातीचा, ना पोटचा. चुलतदीर म्हणतो तो मांडवात असला तर म्या कन्यादानाला बसणार न्हाय. माझ्या लेकीचं लगीन मोडंल, भावजी.

म्या परत म्हटलं, व्हय वहिनी, बरोबर हाय, तुमी काळजी करू नका. पैठणी पिशवीत घालून तिच्या हातात दिली. वंदनाला काय सांगू म्हणाली. म्या म्हटलं सांगा गाडी घेऊन लांब गेलाय, येळंवर आला न्हाय.

ती गेल्यावर गंगा म्हणाली, चला, म्या येते तुमच्यासंगट, नवरा-बायको मिळून गेल्यावर कोण काय बोलंल? लगीन होऊन पंचवीस वर्षं झालेली, पहिल्यांदा ती सोताहून कुठं चला म्हणाली. म्या न्हाय म्हटलं. आन् मंग काय झालं मला, म्या तिला तो पिक्चर सांगितला, पहिल्यांदा, खरा, कानडीत. मांडवाचं दार, गाडीवाल्यांची पंगत, समदं. म्हटलं बघ, दत्तूला खोटं सांगितलं ते माझ्यावरच उलटलं. तिनं समदं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, अवो, त्या माणसाचं दुःख लई मोठं हाय, पण त्या गळत्या घरात भांडी सरकवणारी जी हुती, तिला कुणी काय इचारलं का पिक्चरमधी?

म्या पिक्चर बघितला, अर्धं आयुष्य तो डोक्यात घेऊन हिंडलो, पण त्या बाईचं तोंड मला आठवंना. लई ताण दिला. भांडी आठवायची, हात आठवायचे, तोंड आठवंना.

लगीन झालं. आमी दोघं घरीच बसलो त्या दिशी. दोन वर्षांनी गंगा गेली. पोटात गाठ हुती, वर्षभर दुखत हुतं म्हणं, डॉक्टर मला ओरडला, एवढे दिस काय करत हुताव? तिनं मला सांगितलं न्हाय, आन् म्या इचारलं न्हाय. सोमनाथ बाजूला हुभा हुता. तो माझ्याकडं बघत बी न्हवता, भिंतीकडं बघत हुता.

वंदनाला पुढं उमरग्यातच दवाखान्यात नोकरी लागली. एकाच गावात, पण ती मला बोलायची न्हाय. तिला वाटायचं काकानं लग्नाला यायचं टाळलं, भाडं जास्त मिळालं असंल म्हणून गेला. बाजारात समोर आली की पदर सावरून बाजूनं जायची. म्या बी खुलासा केला न्हाय. काय करायचा? आईचं नाव खाली आणून आपलं वर काढायचं?

आता मागच्या दिवाळीची गोष्ट. सकाळी दारात रिक्षा थांबली. वंदना उतरली, तिच्या हाताला धरून कमलवहिनी, पार वाकलेली. वंदना आत येऊन माझ्यापुढं खालीच बसली, रडायली. म्हणाली काका, बाबा सांगायचे तो पिक्चर मला मोबाईलवर गावला, खाली अक्षरं येत्यात, समदं कळतं. बाबांची आठवण म्हणून बघायला बसले. तो मांडव आला, आन् तो पोरगा बोलला, आन् त्याची आई मान खाली घालती ते बघितलं. उठून आईकडं गेले, म्हटलं आई, खरं सांग, काका माझ्या लग्नाला का आले न्हाईत?

म्या वहिनीकडं बघितलं. ती म्हणाली, सांगितलं तिला समदं, भावजी. लपवून लपवून म्या थकले. मंग म्हणाली, आजून एक हाय. पिक्चर कसा संपतो ते ह्यांना मालूम हुतं.

म्या म्हटलं कुणाला?

म्हणाली, वंदनाच्या बाबांना. तुमी पिक्चर बघून आलाव, त्याच महिन्यात सोलापुरात एका कानडी हॉटेलवाल्याला हे सांगायले तर तो हसला, म्हणाला अहो तसं न्हाय, असं हाय. घरी येऊन मला म्हणाले, मल्लूनं मला खोटं सांगितलं, माझं मन दुखू नये म्हणून सांगितलं. आता ते खोटं हाय म्हणून सांगितलं तर त्याचं दुखंल. म्हणून जलमभर तुमचाच शेवट सांगत राहिले. आन् भावजी, त्या दिशी तुमच्या घरी येताना यष्टीत माझ्या डोक्यात तोच पिक्चर हुता. म्हंजे आपण आता काय करायला चाललोय हे मला चांगलं ठाऊक हुतं. तरी आले.

 म्या म्हटलं, वहिनी, लेकीचं घर उभं राहिलं न्हवं. ती म्हणाली व्हय.  सोमनाथनं चहा आणून ठिवला, आन् भायेर गेला.

त्या दिशी वंदनानं मोबाईल माझ्यापुढं धरला, म्हणाली बघा काका. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू, एवढ्याशा पडद्यावर मला नुसतं पांढरं-काळं हालताना दिसायलं. आवाज कळत हुता, समदं कानडी, माझ्या अव्वाची बोली. आता मधी कुणी नको हुतं. म्या नुसता ऐकत बसलो. म्या वंदनाला म्हटलं, ती त्याची बायको आली की मला सांग, तिचं तोंड कसं हाय ते सांग. वंदना म्हणाली, काका, तिचं तोंड दाखवलंच न्हाय नीट, सारखी पाठमोरीच हाय.

आता वंदना आठवड्याला येती, बीपी बघती, ओरडती मला, मीठ खाताव म्हणून. लेकीगत ओरडती. चांगलं वाटतं, पण आतनं वाटतं, एवढं चांगलं वाटून घ्यायचा आपला हक्क हाय का? मधली वर्षं गेली ती गेली. दत्तू असता तर हसला असता मोठ्यानं, पण तो बी न्हाय, आन् गंगा बी न्हाय.

सोमनाथनं बायपासला गॅरेज टाकलंय, इस्माईल म्हणून त्याचा दोस्त हाय, दोघांचं मिळून. चांगला पोरगा हाय, दिलाचा साफ. गेल्या महिन्यात इस्माईलचा बाप सोलापूरला दवाखान्यात हुता, सोमनाथ चार दिस तिथंच, घरी आला न्हाय. सूनबाई दाराशी बसून वाट बघायची, नातू इचारायचा. पाचव्या दिशी तो आला तवा म्या म्हटलं, सोमनाथ, दोस्तासाठी जावं, जरूर जावं, पण घरी बी येत जा बाबा, येळंवर. तो चप्पल काढत हुता. तसाच वाकून थांबला. म्हणाला, तुमी सांगायलाव व्हय मला, आप्पा?

 तो आत गेला. थोड्या वेळानं आतनं त्याचा आवाज आला, सूनबाईला इचारत हुता, तू जेवलीस का गं? ती म्हणाली न्हाय. मंग ताट मांडल्याचा आवाज आला, दोन ताटांचा. म्या भायेर खाटंवर बसून ऐकत हुतो. चांगलं राहू दे दोघांचं, इस्माईलच्या घरचं बी चांगलं राहू दे. माझं काय, मला दिसतं कमी, पण ऐकू नीट येतं.